रँकिंगच्या फॉर्मात भामरागड कुठं बसतं?

प्रवेशाची शेवटची तारीख उलटली की आमच्या स्टुडंट सेक्शनचं दुसरं काम सुरू होतं. आलेली पोरं कोण, कुठली, कशी, हे वरच्यांना कळवायचं. केंद्राचा ‘आयशे’ नावाचा सर्व्हे वेगळा, कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकचा वार्षिक अहवाल वेगळा, केंद्राचं कॉलेज-विद्यापीठांचं रँकिंग, म्हणजे एनआयआरएफ, वेगळं, समाजकल्याणची माहिती वेगळी, आदिवासी विकासची वेगळी. पोरं तीच, रकाने बदलत राहतात.

मी लिपिक आहे. विभाग अलाइड हेल्थचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी अजूनही पॅरामेडिकलचाच. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, डोळ्यांचं, हार्टचं. बारावी सायन्सनंतर तीन वर्षं शिकायचं आणि वर्षभर इंटर्नशिप. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, नोकरी करायची आहे अजून. एवढं सांगते की खिडकीतून बाहेर पाहिलं तर पऱ्हाटीच दिसते.

मध्यंतरी रँकिंगच्या तयारीची मीटिंग झाली. प्रोजेक्टर, आलेख, बिसलेरी, सगळं होतं. मोठे सर म्हणाले, ‘अलाइड हेल्थवाले डायव्हर्सिटी खाली ओढतात. सगळी इथलीच मुलं घेऊन बसलेत.’ मग बाहेरची मुलं कशी आणायची यावर चर्चा झाली. हैदराबादला स्टॉल लावू, रायपूरला जाहिरात देऊ. मी गप्प होते. मीटिंगमध्ये लिपिकानं बोलायचं नसतं, फाइल पुढं सरकवायची असते. पण घरी येऊन लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

आधी फॉर्म सांगते, कारण सगळं भांडण फॉर्माचंच आहे.

एनआयआरएफची पहिली यादी २०१६ मध्ये आली. मार्कांचे पाच मोठे भाग आहेत. त्यातला एक ‘आउटरीच अँड इन्क्लुझिव्हिटी’, त्याचं वजन शंभरात दहा. त्याच्या पोटात पुन्हा वाटणी: मुली आणि महिला शिक्षकांना ३०, आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागासांना २०, दिव्यांगांसाठीच्या सोयींना २०, आणि प्रादेशिक विविधतेला ३०. या शेवटच्या तिसांतले २५ मिळतात दुसऱ्या राज्यातल्या मुलांमुळं आणि ५ दुसऱ्या देशातल्या मुलांमुळं.

आता हिशेब करा. आदिलाबादचं पोरगं पांढरकवड्याहून गाडीत बसलं तर दीड-दोन तासांत घरी जातं. दोन्हीकडे कापूसच पिकतो, बाजाराला माणसं इकडची तिकडं जातात. पण मधात पैनगंगा आहे आणि पलीकडं तेलंगणा, म्हणून ते पोरगं विविधता. भामरागडचं पोरगं मात्र महाराष्ट्राचं. त्याच्या घरी माडिया बोलतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की त्याचं गाव जगापासून तुटतं आणि आमच्याकडं त्याची हजेरी कमी पडते. गडचिरोलीपर्यंत पोचल्यावरही पुढं एसटीनं जवळपास दिवस जातो. ते आमच्या वर्गात येऊन बसलं, तर प्रादेशिक विविधतेत त्याचे मार्क शून्य.

आणि एवढं करून एनआयआरएफमध्ये अलाइड हेल्थची स्वतंत्र यादीच नाही. मेडिकलची आहे, डेंटलची आहे, फार्मसीची आहे. म्हणजे आमच्या पोरांचा नंबर कधी लागणारच नाही. ती फक्त दुसऱ्याच्या नंबरात मोजली जाणार, आणि तिथंही ओझं म्हणून.

तर ही ‘इथलीच’ पोरं कोण आहेत?

यंदाची यादी समोर आहे. तालुके वाचते: घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव, आर्वी, समुद्रपूर, कोरपना, जिवती, राजुरा, मूल, सिंदेवाही, कुरखेडा, कोरची, एटापल्ली. चिखलदरा आणि धारणीकडचीही आहेत, कोरकू. नागपूर शहरातली थोडी. पुण्या-मुंबईचं औषधालाही नाही. कॉलेजच्या स्वतःच्या फॉर्मात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आहे, त्यात बहुतेकांचं ‘शेती’. त्यातली किती शेती आणि किती दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी, हे उत्पन्नाच्या दाखल्यावरूनही कळत नाही, चपलेवरून कळतं. एकानं व्यवसायापुढं ‘कापूस’ एवढंच लिहिलं होतं. मी खोडलं नाही.

घरातलं पहिलंच पोरगं कॉलेजात आलंय का, हे वर कुठल्याच फॉर्मात विचारत नाहीत. निदान मी भरते त्या फॉर्मांत तो रकाना मला अजून भेटलेला नाही. आमच्याकडं मात्र हे खिडकीशीच कळून येतं. बापाला सही करायची असते आणि तो पेन हातात घेऊन पोरीकडं बघतो. पोरगी बोट ठेवून दाखवते, ‘बाबा, इथं.’

बहुतेकांनी ‘नीट’, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिलेली असते. अकोल्याला क्लास लावलेला, वर्षभर तिथं खोली करून राहिलेली, एकदा नाही दोनदा दिलेली. मेडिकलला नंबर लागला नाही. मग बीएएमएस, बीएचएमएस बघितलं. तिथं खासगीची फी ऐकून बाप उठला. मग नर्सिंग. मग आम्ही. पहिल्या पसंतीनं आलेलं पोरगं हातावर मोजण्याइतकं. पहिल्या वर्षी वर्गात बसलेलं अर्धं डोकं अजून अकोल्यालाच असतं. दुसऱ्या वर्षाला हॉस्पिटलात पोस्टिंग लागली, हातात सुई आली, मग तो विषय मागं पडतो. हे मी शिक्षकांकडून ऐकलेलं नाही. पहिल्या वर्षी दाखला काढून न्यायला येणाऱ्यांची रांग असते आणि दुसऱ्या वर्षी नसते, एवढं मला माझ्या टेबलावरून दिसतं.

मुली जास्त. दर वर्षी थोड्या आणखी जास्त. २०२४-२५ पासून सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी (म्हणजे मराठा) आणि ओबीसीतल्या मुलींची, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश सरकारी फेरीतून झालेला पाहिजे ही अट. त्यानं फरक पडला, खोटं कशाला बोलू. पण मेसचे पैसे, खोलीचं भाडं, पांढरा कोट, गावी जायचं एसटीचं भाडं, हे त्यात नाही. पोर गावाहून येताना तुरीची डाळ, तिखट आणि पिठाचा डबा घेऊन येते आणि चौघीजणी मिळून खोलीत करून खातात. सरकारी भत्त्यांच्या योजना आहेत: एससीसाठी स्वाधार, एसटीसाठी स्वयम, बाकीच्यांतल्या काहींसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. पैसे येतात. पण कधी येतील ते कोणी सांगत नाही आणि खोलीमालक पहिल्या तारखेला दारात उभा असतो.

मुलींच्या शाखा बापच ठरवतात. खिडकीवरचा ठरलेला संवाद आहे.

‘मॅडम, पोरीले लॅब द्या. सावलीत बसाचं काम हाय.’

‘एक्स-रेत जागा आहे, मेरिटनं मिळतेय.’

‘एक्स-रेत नका टाकू जी. लग्नाच्या टाइमाले लोकं इचारतेत.’

लोक काय विचारतात ते तोंडानं कोणी बोलत नाही. एक्स-रे काढणाऱ्या बाईला मूल होत नाही, हे गावोगाव पक्कं बसलेलं आहे. आमचे रेडिऑलॉजीचे सर स्वतः खाली येतात, छातीवरचा टीएलडी बॅज काढून बापाच्या हातात देतात. दर तीन महिन्यांनी हा तपासायला जातो, अंगाला किती किरणं लागली ते यात कळतं, कायद्यानं मर्यादा आहे, पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि बाई गरोदर राहिली तर आणखी कडक. बाप सगळं ऐकून घेतो, बॅज उलटसुलट करून बघतो, सरांना हात जोडतो आणि लॅब लिहून देतो.

लॅबला नाइट नसते हाही एक गैरसमज. हॉस्पिटलच्या लॅबला रात्र-दिवस नसतो. रात्री दोनला बाळंतीण आली की रक्तगट कोण काढणार? पण ते पोरगी दुसऱ्या वर्षाला शिकते आणि घरी सांगत नाही.

आता जातीच्या रकान्यांकडं येते. इथं मला थोडा वेळ घ्यायचा आहे, कारण माझं खरं काम हेच, आणि याबद्दल मीटिंगमध्ये कोणी काही विचारत नाही.

केंद्राच्या फॉर्मात रकाने पाच: जनरल, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी, ओबीसी. राज्याच्या फॉर्मात त्याहून कितीतरी: व्हीजे-ए ३ टक्के, एनटी-बी अडीच, एनटी-सी साडेतीन, एनटी-डी २, ओबीसी १९, एसबीसी, आणि आता एसईबीसी १०. केंद्राला पाठवताना हे भटके-विमुक्त सगळे ओबीसीत ओतायचे. म्हणजे पुसद-दिग्रसकडची बंजारा पोरगी राज्याच्या कागदावर विमुक्त जातीची असते आणि त्याच दिवशी, त्याच कॉम्प्युटरवर, दिल्लीच्या कागदावर ओबीसी होते. झरी-जामणीची एक बंजारा पोरगी होती. तिचा मामा पैनगंगेच्या पलीकडं. तेलंगणात लंबाडा एसटीत आहेत. ती म्हणायची, ‘मॅडम, मामाची पोट्टी एसटी, मी व्हीजे. एकाच ताटात जेवतो आम्ही.’ मी म्हटलं, ताट राज्याच्या यादीत नाही ना बाई.

बौद्ध मुलं दोनदा मोजली जातात. विदर्भात ही मुलं पुष्कळ असणं साहजिकच, दीक्षाभूमी नागपूरलाच. एससीच्या रकान्यात येतात आणि इतर अल्पसंख्याकांच्या रकान्यातही येतात. बेरीज करताना नवीन मुलगा दर वर्षी गोंधळतो, ‘मॅडम, टोटल जुळत नाही.’ जुळणारच नाही, तो रकाना बेरजेत धरायचा नाही, बाजूचा आहे. कुणबी इकडं आधीपासून ओबीसीत, म्हणून एसईबीसीचा दाखला घेऊन येणारं पोरगं आमच्या खिडकीवर क्वचित.

आणि व्हॅलिडिटी. विदर्भात ज्याच्या घरी शिकणारं पोरगं आहे त्याला हे सांगायला नको. जातीचा दाखला पुरत नाही, तो पडताळून आणावा लागतो, आणि त्यासाठी आजा-पणजाचा जुना कागद लागतो. एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. या चार तारखा मला झोपेतून उठवून विचारा. आता ज्याचा आजा कधी शाळेतच गेला नाही त्यानं १९५० चा शाळेचा दाखला कुठून आणायचा? मग कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल शोधा, महसुलाचे जुने कागद शोधा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये वाळवी लागलेल्या गठ्ठ्यांपुढं बसा. मजा अशी की जितकं पोरगं खऱ्या अर्थानं आडरानातलं, तितका त्याच्याकडं कागद कमी. कोलाम, माडिया ही केंद्राच्या यादीत अतिअसुरक्षित आदिवासी म्हणून धरलेली. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती, तिसरी कातकरी. त्यांचं एखादं पोरगं आमच्यापर्यंत पोचतं तेव्हा त्यानं फिजिक्स-केमिस्ट्रीपेक्षा अवघड पेपर सोडवलेला असतो. त्याचे मार्क कुठल्या रकान्यात टाकू?

एसटीच्या जागा सगळ्या भरल्या असं दर वर्षी होत नाही. वरून विचारणा होते, का भरल्या नाहीत. उत्तराला एका ओळीची जागा असते. मी लिहिते: ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाहीत.’ असंच लिहायची पद्धत आहे.

हे झालं पोरांचं. आता या शिक्षणाची जगात किंमत काय, ते. इथंही कागदावर एक आहे आणि बाहेर दुसरं.

कागद सांगते. २०२१ मध्ये संसदेनं अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याआधी डॉक्टरांना कौन्सिल, नर्सना कौन्सिल, फार्मासिस्टला कौन्सिल, आणि रक्त तपासणाऱ्याला देशपातळीवर काही नाही. या कायद्यानं दहा गट पाडले, पन्नासहून जास्त कामं त्यात घातली. शिक्षण तासांत मोजलं: किमान २००० तास शिकलेला तो अलाइड हेल्थ प्रोफेशनल, ३६०० तासांची पदवी असलेला तो हेल्थकेअर प्रोफेशनल. दहावा गट वाचून मी खुर्चीत सरळ बसले, कारण त्यात हॉस्पिटलच्या नोंदी सांभाळणारेही आहेत. कॉलेजच्या नोंदी सांभाळणारे नाहीत, ते मी नीट तपासलं.

कायदा झाला, पण राज्यांनी कौन्सिलं उभी करायला इतका वेळ लावला की २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘दोन महिन्यांत अंमल करा’ असं सांगावं लागलं. त्याच न्यायालयानं २०१७ च्या डिसेंबरात दुसरी एक गोष्ट स्पष्ट केली होती: लॅबच्या रिपोर्टवर सही चालेल ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. हा निकाल चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. रिपोर्ट चुकला तर माणूस मरतो. पण तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजिस्ट राहत नाही, हेही तितकंच खरं. मग होतं असं की नमुना आमचं पोरगं घेतं, मशीन तेच लावतं, मशीन बरोबर चालतंय का ते बघायचं कंट्रोल तेच चालवतं, रात्रीचा फोन त्यालाच येतो, आणि सही लांबच्या शहरातली. पेशंटला ती सही कोणाची ते ठाऊक नसतं. तो लॅबवाल्या पोरालाच ‘डॉक्टर’ म्हणतो.

म्हणजे गावात मान आहे. कधीकधी जरा जास्तच. ‘आमची पोरगी डॉक्टरकी शिकते’ असं एक आई माझ्यासमोर तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती. पोरगी लाल झाली, ‘आई, डॉक्टर नाही, डायलिसिस.’ आई म्हणाली, ‘तेच ते. किडन्या साफ करते थे.’ ज्या गावात महिन्यात दोन माणसं डायलिसिसला जीपनं जिल्ह्याला जातात तिथं हे काही लहान नाही. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा केंद्राचा कार्यक्रम आहे, त्यामुळं मशीन आता पूर्वीपेक्षा जवळ आलं. एका पेशंटचे चार तास, आठवड्यातून दोन-तीनदा. डॉक्टर राउंडला येऊन जातात. चार तास मशीनजवळ जी उभी असते, प्रेशर खाली आलं की पहिल्यांदा जिला दिसतं, ती आमची पोरगी.

हॉस्पिटलच्या आत मात्र उतरंड आहे, आणि ती वरून खाली अगदी व्यवस्थित लागलेली आहे. एमबीबीएसच्या पोरांचं संमेलन तीन दिवस, आमचं अर्धा दिवस, तेही त्यांचा मंडप काढायच्या आधी. लायब्ररीत जागा त्यांना आधी. आमची पोरं वॉर्डात गेली की ‘ए टेक्निशियन’. नावानं हाक मारणारे रेसिडेंट आहेत, नाही असं नाही. पोरं त्यांची नावं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. करोनात स्वॅब घ्यायला हीच पोरं पुढं होती, इंटर्नसुद्धा. टाळ्या वाजल्या. लाट ओसरल्यावर कंत्राटावर घेतलेल्यांना घरी पाठवलं, ते काही पेपरात पहिल्या पानावर आलं नाही.

नोकरीचं थोडक्यात. सरकारी कायम जागा निघते तेव्हा अर्जांचा पाऊस पडतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राट मिळतं. खासगीत नागपूर, पुणे, हैदराबाद. हुशार पोरं कॅथलॅबला, म्हणजे हार्टच्या तपासणीला, आणि मोठ्या डायग्नोस्टिक कंपन्यांत जातात, पगार बरा असतो, गावी पैसे येतात, घरावर स्लॅब पडतो. यात वाईट काही नाही. गावाकडचीच पोरं गावाकडं राहिली पाहिजेत हे ज्यांची पोरं अमेरिकेत आहेत त्यांनी आम्हाला शिकवू नये.

पण काही परत येतात. त्यातल्या एकाचं सांगते, कारण मीटिंगमध्ये डायव्हर्सिटीचा आलेख पाहताना माझ्या डोक्यात तोच होता.

एटापल्लीच्या बाजूचा पोरगा. आश्रमशाळेत शिकलेला. पहिल्या वर्षी इतका कमी बोलायचा की शिक्षकांना वाटलं, त्याला कळतच नाही. इंग्रजीचं पुस्तक, मराठीतून शिकवणं, आणि घरची भाषा तिसरीच. एका विषयात राहिला. परीक्षेचा फॉर्म भरायला आला तेव्हा मी विचारलं, अवघड काय जातं? म्हणाला, ‘अवघड नाही मॅडम. मी आधी माडियात समजून घेतो, तोपर्यंत सर पुढं जातात.’ पास झाला, पुढं कधी राहिला नाही.

तो आता तिकडंच एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटावर आहे. काम बहुतेक सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी माणसांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत आजार संपवायचा. घोषणा दिल्लीची, पण रक्ताचा थेंब कोणीतरी गावात जाऊन काढावा लागतो. पहिली चाचणी साधी आहे. नळीत रसायन, त्यात थेंबभर रक्त, नळीच्या मागं काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळ होऊन रेघा झाकल्या तर सिकल आहे. पण ती गढूळ नळी वाहक कोण आणि आजारी कोण हे सांगत नाही, त्यासाठी पुढं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या लॅबमधल्या तपासण्या. आणि इथंच सगळं बिघडतं. नळी गढूळ झाली म्हणजे पोरगी आजारी, तिचं लग्न होणार नाही, असं गावात पसरतं. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, दोन वाहकांनी आपसात लग्न केलं तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघायची शक्यता चारात एक, हे आईला बसून सांगावं लागतं. मराठीत सांगितलं तर ती मान हलवते आणि उठून जाते. हा माडियात सांगतो.

दिवाळीत आला होता भेटायला. मी विचारलं, समजतं का त्यांना? म्हणाला, ‘चारात एक समजवायला कोंबडीची पिल्लं घेतो मॅडम. टक्के नाही सांगत.’ पगार विचारला, तर हसला. तीन महिन्यांचा एकदम येतो म्हणाला.

हैदराबादच्या स्टॉलवरून येणारं पोरगं हुशार असेल, चांगलं शिकेल, मला त्याच्याशी भांडण नाही. ते आलं तर त्याचाही फॉर्म मी तितक्याच नीट भरीन. पण आमच्या विभागाला मान मिळवून द्यायचा तर पंचवीस मार्कांसाठी तेलंगणा-छत्तीसगड धुंडाळण्याआधी इथल्या दोन-चार गोष्टी करता येतील. पहिल्या वर्षाला इंग्रजीचा आणि मराठीचा पायाचा वर्ग. व्हॅलिडिटीसाठी कॉलेजचा एक माणूस, जो पोरांबरोबर तहसीलला जाईल. वसतिगृहात आमच्या मुलींसाठी वेगळा मजला. भत्ता उशिरा आला तर खोलीभाड्यापुरता आगाऊ निधी. हे मी लेखी दिलं आहे, रीतसर, आवक नंबर टाकून. अजून उत्तर नाही.

जाता जाता, यंदा पोरापोरींना या लाइनला घालणाऱ्यांसाठी, कारण खिडकीवर प्रत्येकाला सांगत बसायला वेळ मिळत नाही. नॅकचा ग्रेड बघा, पण त्यावर थांबू नका. तो अख्ख्या कॉलेजचा नाहीतर विद्यापीठाचा असतो, तुमच्या पोराच्या वर्गाचा नसतो. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि त्यात पेशंट असतात का, ते बघा. मंगळवारी-बुधवारी सकाळी जाऊन ओपीडीसमोर उभं राहिलं की कळतं. डायलिसिसची मशीनं किती आणि एका मशीनमागं विद्यार्थी किती, ते विचारा. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा, पदवी की डिप्लोमा, आणि कौन्सिलमध्ये नोंदणी होईल का, हे लेखी मागा. ‘होऊन जाईल’ म्हणाले तर उठा. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन आहे का विचारा, नसेल तर वर्षभराची सोय आधी करून ठेवा. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमी लेअर, उत्पन्न, डोमिसाइल, हे बारावीच्या निकालाची वाट न बघता अकरावीतच काढायला घ्या. तहसीलला मे-जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

आणि पोरगी एक्स-रे म्हणत असेल तर तिला एक्स-रे घेऊ द्या.